ॲडमिन मंडळींना एक पत्र, धुळ्याहून

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या तमाम व्हॉट्सॲप ग्रुपांचे ॲडमिन

सप्रेम नमस्कार.

खुली पत्रं लोक मंत्र्यांना लिहितात, कुलगुरूंना लिहितात, फारच राग आला तर संपादकांना. मी तुम्हाला लिहितेय, कारण आपल्या भागात कुठली बातमी सकाळच्या चहाबरोबर घरात येणार हे आता तुम्ही ठरवता. भाऊबंदकीचे ग्रुप, दहावीच्या बॅचचे ग्रुप, कानबाईच्या उत्सवाचे, केळी भावाचे, बचत गटाचे, भजनी मंडळाचे, आणि निवडणूक संपली तरी न मिटलेले वॉर्डाचे ग्रुप. मी स्वतः अशा सव्वीस ग्रुपांत आहे आणि देवपुरातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपची ॲडमिन आहे. हे पद कसं मिळालं विचाराल तर आधीच्या ॲडमिनची नाशिकला बदली झाली आणि जाता जाता त्यांनी मला न विचारता बटण दाबलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच झालं असणार.

पोटासाठी मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्यात जनसंज्ञापनाच्या सिद्धांतांचा एक पेपर असतो. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात: लासवेल, १९४८, कोण बोलतो, काय बोलतो, कुठल्या माध्यमातून, कुणाशी, आणि परिणाम काय होतो. पाच गुण. त्या ‘कोण’मध्ये आपण येतो, हे शिकवत असूनही माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कसं आलं ते आधी सांगते, कारण त्यात चूक माझीच आहे.

माझे मामा चोपडा तालुक्यात केळी लावतात. केळीच्या फळपीक विम्याचा अर्ज ऑक्टोबरअखेरपर्यंत भरावा लागतो, आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत सेंटरवर काय गर्दी उसळते, सर्व्हर किती वेळा झोपतो, हे केळीवाल्यांना सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मला एक पीडीएफ आली. सरकारी पत्र, जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी: अर्ज भरायला मुदतवाढ. मी ती लगेच आजोळच्या ग्रुपवर टाकली, वर ‘महत्त्वाचे’ असंही लिहिलं. मामा त्या वेळी सेंटरच्या रांगेत उभे होते. त्यांनी मेसेज पाहिला, सातबारा आणि पासबुकाची पिशवी उचलली आणि घरी जाऊन जेवले.

पत्र खरं होतं, फक्त मागच्या वर्षीचं होतं. तारीख उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होती, दोन बोटांनी मोठी केल्याशिवाय वाचता येत नव्हती. मी मोठी केली नव्हती. त्या हिवाळ्यात बागेवर थंडीचा चरका आला आणि विमा नव्हता. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तू धाडं व्हतं म्हनीसन मी थांबनू, माय.”

या वाक्यानंतर मी तो पेपर पहिल्यासारखा शिकवू शकले नाही. तेच पत्र टीव्हीवर झळकलं असतं तर मामांनी दोन ठिकाणी विचारलं असतं. पेपरात आलं असतं तर कृषी सहायकाला फोन लावला असता. कुठल्याही बातमीवर चट्‌कन विश्वास ठेवणारा तो माणूस नव्हे. बऱ्हाणपूरला जाहीर झालेला भाव आणि बांधावर व्यापारी देतो तो भाव यांतला फरक ज्याने आयुष्यभर सोसलाय, त्याला छापील आकड्याची किंमत कळते. ते थांबले ते पाठवणारीकडे बघून.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत असं मानायची पद्धत होती की प्रचार म्हणजे सुई. टोचली की औषध थेट रक्तात, ज्याला टोचली त्याच्यावर सारखाच परिणाम. आपल्याकडे आजही ‘मोबाइलने पोरं बिघडवली’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हीच सुई असते. १९४० मध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याचे सहकारी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत गेले. अध्यक्षपदाची निवडणूक होती. सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून त्यांनी विचारलं की मत कशाने बनलं, कशाने बदललं. रेडिओ आणि पेपरांचा प्रभाव मोजायला निघालेल्या या मंडळींना सापडलं ते वेगळंच. प्रचाराने पक्ष बदलणारे फार थोडे निघाले. आणि कुणाचं ऐकलं विचारलं की लोक रेडिओपेक्षा माणसांची नावं जास्त सांगत: साला, शेजारी, कामावरचा सोबती. १९४४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यावरून मांडणी आली की मजकूर आधी थोड्या जागरूक माणसांपर्यंत पोचतो आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांपर्यंत. दोन टप्पे. मधल्या माणसाला आपण वर्गात ‘मतपुढारी’ म्हणतो. शब्द फसवा आहे, पुढारी म्हटलं की पांढरा सदरा दिसतो. ईरीतले मतपुढारी प्रत्येक थरात होते, मजुरांत मजूर, दुकानदारांत दुकानदार.

पुढचा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण तो बायकांचा आहे. इलिनॉयमधलं डिकेटर गाव, सुमारे आठशे बायका, आणि प्रश्न अगदी घरगुती: किराण्यात नवी वस्तू घेतली ती कुणाच्या सांगण्यावरून, कपड्यांची फॅशन कुणाला विचारून, सिनेमा कुठला हे कोण ठरवतं, आणि गावच्या राजकारणावर कुणाचं मत ऐकता. कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये ते छापलं. निघालं असं की फॅशनमध्ये जिचं ऐकतात तिला राजकारणात कुणी विचारत नाही, आणि किराण्यातली जाणती सिनेमाच्या बाबतीत शून्य. (जाता जाता: या अभ्यासाचा खर्च एका मासिकवाल्या प्रकाशन कंपनीने उचलला होता. बायकांच्या गप्पांत कुणाचं वजन पडतं हे धंदेवाल्यांना प्राध्यापकांइतकंच जाणून घ्यायचं होतं.)

आपल्याकडे वेगळं कुठे होतं? भरताची वांगी कुठल्या गावची घ्यायची हे एका वहिनीला विचारायचं, बोअर कुठे मारायचा हे दुसऱ्याच माणसाला, पोरीचं स्थळ तिसऱ्याला, आणि दादर ज्वारीची भाकरी चिवट का झाली हे सासूलाच. प्रत्येकाच्या शब्दाला हद्द होती. ग्रुपने ती हद्द पुसली. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल ज्या दादाचं म्हणणं खरोखर सोन्यासारखं असतं, तोच दादा त्याच नावाने, त्याच फोटोने लसीबद्दल, परक्या देशातल्या युद्धाबद्दल आणि मूतखड्यावरच्या पाल्याबद्दल पाठवतो. वाचणारा दादाचं नाव बघतो. बोंडअळीवर कमावलेला विश्वास मूतखड्यावर खर्च होतो. माझ्या बाबतीत तेच झालं. भाचीला समाजशास्त्र कळतं. म्हणून विम्याचंही कळत असेल, असं मामांनी धरलं.

आयोवातल्या मक्याची गोष्ट यालाच जोडून. संकरित मक्याचं बियाणं तिथल्या शेतकऱ्यांत कसं पसरलं हे रायन आणि ग्रॉस यांनी दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ मध्ये मांडलं. बियाण्याची पहिली बातमी जवळजवळ निम्म्यांना विक्रेत्याकडून कळली होती. पण लावायचं ठरवलं ते शेजाऱ्याकडे बघून, तेही आधी वावराच्या एका तुकड्यात. जळगाव जिल्ह्यात ठिबक आलं, टिश्यू कल्चरची रोपं आली, तेव्हा याहून निराळं काही झालं नाही. जाहिरात भिंतीवर होती, पण लोक दुचाकी काढून दुसऱ्याच्या शिवारात जाऊन घड मोजून आले. त्या दुचाकीच्या फेरीत जो वेळ जायचा, तोच चाळणीचं काम करायचा. फॉरवर्डला शिवार नसतं. घड मोजायला जायचं कुठे?

आता ज्या गावाबद्दल लिहायचं टाळत होते, तिथे येते.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे पोचले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा मेसेजांनी त्याआधीचे काही आठवडे जिल्हाभराचे फोन भरून गेले होते. एका लहान मुलीशी ते बोलले, एवढ्यावरून संशय घेतला गेला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाचही जण गेले.

त्या उन्हाळ्यात देशभर जे फिरत होतं, त्यातली एक क्लिप कराचीतली होती. दुचाकीवरचे दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ क्लिपमध्ये ते परत येतात, मुलाला उतरवतात आणि फलक धरतात: मुलं सांभाळा. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जागृतीची फिल्म होती ती. शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले आणि जागृतीचा पुरावा झाला. माझ्या पीडीएफसारखंच: खोटं काही जोडलं नव्हतं, एक कोपरा दिसत नव्हता.

अफवेवर ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एक सूत्र मांडलं. विषय किती जिव्हाळ्याचा, गुणिले माहिती किती धूसर. त्यावर अफवेचा जोर ठरतो. मी वर्गात ‘गुणिले’वर बोट ठेवते. बेरीज असती तर एक आकडा शून्य झाला तरी दुसरा उरला असता. गुणाकारात एक शून्य झालं की सगळंच शून्य. मुलांचा जिव्हाळा कुणी शून्यावर आणू शकत नाही, आणूही नये. धूसरपणा मात्र कमी करता येतो, एका फोनने, पोलीस पाटलाला, शेजारच्या गावातल्या सोयऱ्याला: तुमच्याकडे खरंच कुणाचं मूल गेलंय का? ‘पिंपळनेरला दोन मुलं उचलली’ असा मेसेज आला तर पिंपळनेरला कुणाचं तरी माहेर असतंच ना?

आपल्या देशातला एक जुना अभ्यास इथे आठवतो. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी तिथे पसरलेल्या अफवा गोळा केल्या. जिथे हादरा जाणवला पण फारसं काही पडलं नव्हतं, तिथेही लोक एकमेकांना याहून मोठं संकट येतंय असं सांगत होते. अमुक दिवशी पुन्हा धरणी हलणार, पूर येणार. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने पुढे त्याचा अर्थ लावला की भीती आधी अंगात आलेली असते, मग तिला शोभेल असं कारण माणूस शोधतो. म्हणजे अफवा घाबरवते त्यापेक्षा घाबरलेला माणूस अफवेला जास्त बोलावतो. २०१८ च्या त्या जूनमध्ये पोरांना बाहेर खेळू न देणाऱ्या कितीतरी आया माझ्या ओळखीच्या होत्या, आणि त्यांतल्या एकीनेही काही पाहिलेलं नव्हतं.

मला आणखी एक गोष्ट बोचते. भिक्षेकरी गोसावी, वासुदेव, नंदीबैलवाले हे आपल्या गावांना परके कधी होते? हंगाम सरला की ते यायचे, ओट्यावर बसायचे, चार गावांच्या गोष्टी सांगून पसाभर दाणे घेऊन जायचे. वहीगायन करणारे डफावर रात्र जागवायचे. कोण आलं, कुठून आलं, कुणाच्या ओळखीचं, हे पारावर पाच मिनिटांत कळायचं. फिरता माणूस म्हणजेच बातमी होती. त्याच फिरत्या माणसाला फिरत्या बातमीने मारलं.

२०१८ च्या त्या प्रकारांनंतर व्हॉट्सॲप कंपनीने काय केलं ते तुम्ही पाहिलंच. जूनच्या अखेरीस फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय जाहीर केली. जुलैत ‘फॉरवर्डेड’ची चिठ्ठी चिकटवली, पेपरांत पानभर जाहिराती दिल्या, भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठवता येणार नाही असं केलं, पुढे जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू केली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. हे सगळं पाइपाचं तोंड बारीक करणं आहे. उपयोगी आहे, मी नाकारत नाही. पण ग्रुपची सदस्यसंख्या पुढे २५६ वरून ५१२, मग १०२४ वर नेली ती याच कंपनीने.

कायद्याचंही सांगते, कारण सणावाराला, निवडणुकीला ‘ॲडमिन जबाबदार राहील’ असं पत्रक आलं की तुमच्यातले निम्मे घाबरून ग्रुप बंद करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा तुरुंगाची भीती मी तुम्हाला घालणार नाही. मलाही कुणी पकडलं नाही. मामांचं नुकसान कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

मग तुमचं काम काय? इथे माझा सगळ्यात आवडता सिद्धांत, आणि तो स्वयंपाकघरातून निघालाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. लोकांनी काळीज, गुर्दे असले भाग खावेत असं सरकारला वाटत होतं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने आधी हे शोधलं की ताटात काय पडतं ते ठरवतं कोण. दुकानातून, बागेतून, तळघरातल्या बरण्यांतून अन्न वेगवेगळ्या वाटांनी घरात येतं आणि प्रत्येक वाटेवर एक दार असतं. त्या दारावर बहुतेक ठिकाणी घरची बाई उभी होती. ‘द्वारपाल’ हा माध्यमशास्त्रातला शब्द तिथून आला. बातमीचंही तसंच असतं हे त्यानेच सुचवलं. १९४९ मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने एका छोट्या शहरातल्या पेपरचा तारसंपादक, म्हणजे तारेने येणाऱ्या बातम्या निवडणारा संपादक, गाठला, त्याला ‘मिस्टर गेट्स’ असं टोपणनाव दिलं आणि सांगितलं की आठवडाभर ज्या बातम्या टाकून देशील, त्या प्रत्येकीवर कारण लिही. आलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहावा भाग छापला गेला होता. उरलेल्या नऊ हिश्शांची कारणं अशी: जागा नाही, कंटाळवाणं, प्रचार वाटतो, मला नाही पटत.

गेल्या श्रावणात मी हा प्रयोग स्वतःवर केला. विद्यार्थ्यांसमोर बढाई मारून झाली होती, त्यामुळे करणं भाग होतं. किराण्याच्या जुन्या वहीत सात दिवस कॉलनीच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक फॉरवर्ड लिहिला: आला कुठून, राहू दिला की काढला, का. चौऱ्याऐंशी आले, मी तीन काढले. राहू दिलेल्यांपुढची कारणं वाचून मलाच लाज वाटली. ‘वाचला नाही.’ ‘वाचला नाही.’ ‘खोटा वाटतो, पण शेजारच्या काकांना वाईट वाटेल.’ ‘कुकर लावला होता.’ मिस्टर गेट्स निदान नऊ भाग टाकून तरी देत होता. आपण दारावर उभे आहोत आणि दार सताड उघडं आहे, कारण काकांना वाईट वाटेल.

या काकांच्या कारणालाही एक सिद्धांत आहे. जर्मनीतल्या एलिझाबेथ नोएल-न्यूमन यांनी १९७४ मध्ये ‘मौनाचं वर्तुळ’ मांडलं. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की एकटं पडायच्या भीतीने माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की दुसरी बाजू आणखी मोठी दिसते. मग आणखी काही जण गप्प. आमच्या ग्रुपात दोनशे बारा जण आहेत, बोलतात चौदा. उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णवांच्या गप्प बसण्याला आपण होकार समजतो. त्यांत दोन डॉक्टर आहेत, एक निवृत्त तहसीलदार आहेत. पण क्लिप टाकणारा जेठ असतो, चुलतसासरे असतात, सरपंचाचा भाऊ असतो. जाणता माणूस खासगीत येऊन म्हणतो, “मॅडम, ते खोटं आहे हं.” तिथेच लिहा ना, म्हटलं की जाऊ द्या म्हणतो. हा पेच मला सुटलेला नाही. तुमच्या ग्रुपात कुणी सोडवला असेल तर मला कळवा.

लाझार्सफेल्ड आणि मर्टन यांनी १९४८ मध्ये माध्यमांच्या गुंगीबद्दल लिहिलं होतं, प्रश्नाची माहिती मिळाली म्हणजे प्रश्नासाठी काही केलं असं वाटू लागतं ती गुंगी. एकशे दहा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडतात आणि दारावर जाणारे अकरा, एवढं सांगितलं की पुरे.

काय आलं याइतकंच काय आलं नाही तेही बघा. १९६८ मध्ये मॅककोम्स आणि शॉ यांनी चॅपल हिल गावात शंभर कुंपणावरच्या मतदारांना विचारलं की देशापुढचे मोठे प्रश्न कुठले. उत्तरं तिथल्या माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती त्यांच्याशी जवळजवळ जुळली. काय विचार करायचा हे माध्यम सांगू शकत नसेल, पण कशाचा करायचा हे सांगतं. जिल्हावार पुरवण्या सुरू झाल्यापासून धुळ्याच्या माणसाला नंदुरबारची बातमी पेपरात सहसा दिसत नाही, आणि जळगावला शहाद्यात काय चाललंय याचा पत्ता नसतो. पेपरांनी खान्देशाचे तीन तुकडे केले. ग्रुपांनी ते जोडायला हरकत नव्हती. पण माझ्या सव्वीस ग्रुपांत धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुपोषणाबद्दल वर्षभरात मला एकही ओळ सापडली नाही, होळीच्या दिवसांतले ढोल आणि मोरपिसांचे टोप मात्र भरपूर. तिकडची पावरी बोली बोलणारी एकही बाई त्या सव्वीसांत नाही. ती नाही म्हणून तिचा प्रश्न नाही, हे समजायला खरं तर सिद्धांताचीही गरज नव्हती.

आणि एक फोन. मागच्या निवडणुकीआधी मला एका गृहस्थाने फोन करून अत्यंत गोड शब्दांत विचारलं की तुमच्या ग्रुपमध्ये आमचे दोन नंबर जोडाल का, फक्त ‘विकासाची माहिती’ टाकतील. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, सगळेच करतात. तो मतदारांना फोन करत नव्हता, ॲडमिनना करत होता. दोन टप्प्यांचा सिद्धांत त्याने वाचला असण्याची शक्यता कमी, पण त्याला तो माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगला कळला होता.

माझी मागणी मात्र वेगळी आहे. लेविनची गोष्ट मी अर्धीच सांगितली. काळीज-गुर्दे खाण्यासाठी त्याने बायकांचे काही गट केले. काहींना उत्तम व्याख्यान दिलं: जीवनसत्त्वं, देशप्रेम, पाककृतीसुद्धा. काहींना गोल बसवून आपापसात बोलू दिलं, अडचणी काढू दिल्या, नवऱ्याला वास आवडत नाही वगैरे, आणि शेवटी कोण करून बघणार म्हणून हात वर करायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी तीन टक्के बायकांनी घरी करून पाहिलं. बोललेल्यांपैकी बत्तीस टक्क्यांनी.

आणि हे अमेरिकेतच होतं असंही नाही. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांचे रेडिओ श्रोतेगट काढले. पाच जिल्हे, दीडशे गावं. आपल्या शेजारचा नाशिक जिल्हा त्यांत होता. आठवड्यातून दोनदा गावातली वीसेक माणसं एका रेडिओभोवती बसायची, कार्यक्रम ऐकायची, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायची. एक जण चर्चा चालवायचा, एक जण लिहून घ्यायचा, आणि गावाचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने ही गावं इतर गावांशी ताडून पाहिली: काही गावांत रेडिओ होता पण गट नव्हता, काहींत रेडिओच नव्हता. गटवाल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली होती. नुसत्या रेडिओवाल्या गावांत त्यामानाने फारच थोडी. यंत्र दोन्हीकडे तेच, आवाज तोच, कार्यक्रम तोच.

ॲडमिन मंडळी, तुमच्या हातात दीडशे गावांना पुरेल असा रेडिओ आहे, आणि वीस माणसं आधीच जमलेली आहेत. फक्त रेडिओ बंद करून बोलायची वेळ कधीच येत नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवा. रविवारी संध्याकाळी पाच ते सहा एकही फॉरवर्ड नको. आठवड्यात आलेला एकच मेसेज घ्या आणि ज्याला त्यातलं खरोखर कळतं त्याला नाव घेऊन विचारा. विम्याचा असेल तर कृषी सहायकाला, औषधाचा असेल तर त्या गप्प बसलेल्या डॉक्टरांना. नाव घेऊन विचारलं की गप्प बसणं अवघड जातं, हा माझा वर्गातला अनुभव आहे. शेवटी काय ठरलं ते दोन ओळींत लिहून ग्रुपच्या माथ्यावर पिन करा. आम्ही कॉलनीत पाच रविवार केलं. दोन रविवार कुणीच आलं नाही, एका रविवारी भांडण झालं आणि दोन काका ग्रुप सोडून गेले. एक परत आले. दोन रविवार बरे गेले. एकदा ‘उद्यापासून बँका सात दिवस बंद’ हा मेसेज घेतला होता आणि बँकेतल्या एका वहिनीने, जी चार वर्षांत एक शब्द लिहीत नव्हती, सुट्ट्यांची यादी तारखांसकट टाकली.

तुमच्या ग्रुपात करून बघा आणि काय होतं ते लिहून ठेवा, किराण्याची वही चालते.

आपली,
देवपुरातल्या एका कॉलनी ग्रुपची ॲडमिन

ता. क. मामांनी त्यानंतर ग्रुप सोडला नाही, मला ब्लॉकही केलं नाही. पण मी काहीही टाकलं, अगदी गणपतीचा फोटो टाकला तरी, खाली त्यांचा एकच प्रश्न येतो: “हाई कोनता सालनं शे?”